रिव्हर्स घेणारी बोट

अब्बा,

मधुसूदन काकांची शिडाची बोट कालपासून रिव्हर्स घेते. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. "माझ्या पायाचं प्लास्टर निघेपर्यंत बोटीला हात लावायचा नाय," असं तुम्ही बजावलंय, म्हणून मी काल दिवसभर चितेगावला खालाकडंच होते. खालाला विचारू नका, तिला हे माहीत नाही.

तिथं बसल्या बसल्या दिसलं, की बोटीच्या छोट्या इंजिनाच्या गियर-केबलला मागच्या दुरुस्तीत कुणीतरी रिक्षाच्या क्लचसारखी अर्धा इंच ढील ठेवली होती. कुणी, ते कळलं नाही. रिक्षा दुरुस्तीच्या दुकानात आपण दोघंच आहोत. त्या ढिलीमुळं गियरचा दांडा मागं ओढला तरी गियर पडत नव्हता, आणि बोटीला ब्रेक म्हणजे रिव्हर्सच. काका तर ती मुंबईच्या मेकॅनिककडं द्यायला निघाले होते. मी केबल काढली, रॉकेलनं धुतली, ग्रीस भरलं आणि न्यूट्रलला धरून नट कसला. नाथसागरात ती धक्क्यापासून हातभर अंतरावर अशी थांबली, की काकांनी विचारलं, "कुणी केलं हे?"

मी म्हणाले, "अब्बांच्या दुकानानं."

आज ते काकूंना घेऊन पाण्यात उतरणार आहेत. गियरच्या दांड्यावर मला बोलावलंय. चहा थर्मासमध्ये आहे. कुबडी दाराशी ठेवलीय, पण जिना उतरू नका.

पाटबंधारे खात्याला नम्र विनंती: आज दुपारपर्यंत नाथसागर मुकुंदवाडीत, आमच्या खिडकीखाली आणून ठेवण्यात यावा, म्हणजे अब्बांना बघता येईल.

जाहेदा