डोंगरमाथ्यावरचा तांब्या

५ जानेवारी १९८६, रवि.
"डोंगर चढणाऱ्या माझ्या भगिनींनो आणि बांधवांनो! तुम्ही लाकडांसाठी चढलात, चुकल्या गुरामागे चढलात, निरोप घेऊन चढलात. आणि माथ्यावर घसा कोरडा पडला तेव्हा दुसऱ्याच्या अंगणाबाहेर उभे राहिलात, कुणीतरी उंचावरून ओतेल याची वाट बघत!"
आज पहिल्याच चढणीला हे आपोआप तोंडात आलं. समोर श्रोते नाहीत, फक्त एक म्हैस. तिनं मान वर करून नीट ऐकून घेतलं, मग चरायला लागली. महाडच्या पुष्कळ सभांपेक्षा शिस्तीची.

स्वतःच ओढवून घेतलंय. डिसेंबरच्या सभेत सुदाम म्हणाला (कोर्टात कारकून, आमच्या मंडळाचा सेक्रेटरी), यंदा २० मार्चला तरुणांची मॅरेथॉन काढू. सुरुवात पोलादपूरच्या वर, मग डोंगराच्या कण्यावरच्या पायवाटेनं, खाली उतरून सावित्रीच्या काठाकाठानं महाड, शेवट चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर. मी माईकवर होते. माईक हातात असला की मला राहवत नाही. म्हणाले, "नुसते तरुण का? मीही धावेन!" टाळ्या. आता टाळ्या घरी गेल्या आणि पाय माझ्याकडे राहिले.

भाचीचा पंजाबी ड्रेस, कॅनव्हासचे बूट. फाट्यावर एसटीतून उतरले तर टपरीवाला, "बाई, मागं साप लागलाय काय?"
"नाही, पुढे लागलाय. त्याला धरायला चाललेय."

१२ जानेवारी, रवि.
दरीत धुकं. वरून बघितलं तर सावित्री नाही, महाड नाही, हायवे नाही. सगळं पांढरं, मधूनच टेकड्यांची डोकी वर. जणू जग अजून ठरायचंय, काय ठेवायचं नि काय नाही.
घड्याळ नेत नाही. अंतर भाषणांनी मोजते. नदीपासून जांभळापर्यंत स्त्री-शिक्षणावरचं छोटं भाषण. जांभळापासून खिंडीपर्यंत हुंड्यावरचं, ते मोठं आहे, तेवढीच चढण. पण बोलत धावलं की दम जातो. वीस वर्षं छातीतला वारा शब्दांना दिला, पायांना कधी दिलाच नाही. आज खिंडीच्या खाली हुंड्याचं भाषण अर्ध्यात तुटलं. पुढे नुसता श्वास. खूप बरं वाटलं.

संध्याकाळी पिंडऱ्या दगड. य. डेपोतून आले, नवऱ्याच्या नव्हे, मेकॅनिकच्या नजरेनं बघितलं. "इंजिन बरं आहे. स्प्रिंगा गेल्यात."

२६ जानेवारी, रवि.
शाळेत झेंडावंदन, भाषण (आटोपशीर, सगळे चकित), तशीच एसटीनं फाटा. आज पहिल्यांदा माथ्यावरच्या वस्तीपर्यंत. पाचसहा घरं, शेळ्या, म्हशी, कुडाचे गोठे, मागे कातळातलं पाण्याचं टाकं. अख्ख्या कण्यावर मार्चमध्ये पाणी असतं ते एवढंच.
घराच्या ओट्यावर एक बाई नाचणी पाखडत होती. साठीची असेल. नाव बायजा.
"कोन गो तू? धावतीस कशाला? कोन मेलं?"
"कुणी नाही. शर्यतीची तयारी."
"बाईमानसाची शर्यत? कुटली तू?"
गाव सांगितलं. वाडी सांगितली. मी कधी लपवत नाही, वाडीचं नाव आधी सांगते. ती एक क्षण सूप धरून थांबली. मग आत गेली, तांब्या घेऊन आली. पायरीखाली उतरून माझ्यासमोर. म्हणाली, "पी. तोंड बघ कसं लाल झालंय, कोंबड्याच्या तुऱ्यावानी." मी ओंजळीनं प्याले. इतकं गार पाणी की कपाळात कळ गेली. तिनं गूळ दिला. "पोरं किती?" "नाहीत." "मंग धाव. कोन आडवनार तुला."
उतरताना हसत होते. काटेसावरीला कळ्या धरल्यात. पाय जमिनीला लागतच नव्हते.

२८ जानेवारी
चौथा तास. इतिहास. १९२७, चवदार तळ्याचा सत्याग्रह शिकवत होते. मुलांना विचारलं, पाणी पिण्याचा हक्क म्हणजे नक्की काय? एक मुलगी उठली, "बाई, आपल्या हातानं घ्यायचं."
खडू हातात राहिला.
आपल्या हातानं. परवा मी ओंजळ का केली?
तांब्या कुठे होता? आठवते आहे. वर नव्हता. तिच्या छातीशी होता, दोन्ही हातांत धरलेला, माझ्याकडे केलेला. कुणी वस्तू देतं तसा. ती मला तांब्या *देत* होती. आणि माझे हात, माझे, ज्यांनी हजारो माणसांसमोर मुठी आवळल्या ते हात, आपोआप खाली गेले, जुळले, ओंजळ झाली. मी वाकलेसुद्धा. मग तिनं ओतलं. दुसरं काय करणार होती?
तास संपल्याची घंटा ऐकू आली नाही.

२ फेब्रुवारी, रवि.
गेले नाही. पायाचं निमित्त सांगितलं. य.नी तांब्या पुढे केला, मी तो हातात घेतला, वरून प्याले, खाली ठेवला. घरात रोज घेते. सासरी, शाळेत, सुदामच्या घरी, मुंबईत कुणाकडेही घेते. मग तिथंच का? आईबरोबर लाकडाला जायचे तेव्हा मी इतकीशी होते. आई ओंजळ करायची, मी तिच्या कोपराखाली गळणारं पाणी झेलायचे. वाटलं होतं ते सगळं वाचून वाचून पुसलं गेलं. मेंदूतून गेलंही असेल. हातांना कुणी वाचायला शिकवलं नाही.

९ फेब्रुवारी, रवि.
मंडळाची बैठक. विषय पाणी.
सुदाम म्हणाला, "ताई, वस्तीवाल्यांच्या तोंडी लागायला नको. आपलं पिंप आदल्या दिवशी आपण वर नेऊ. खांद्यावर, बांबूला बांधून. आपलं पाणी, आपले ग्लास."
मी उभी राहिले. मग काय! तळ्यासाठी धावायचं आणि वाटेत पाणी आहे तिथं आपलं पिंप घेऊन जायचं? आपणच आपली पंगत वेगळी मांडायची? पाणी डोंगराचं आहे, पिंप भीतीचं आहे! वगैरे. आवाज पत्र्याला लागून परत येत होता. टाळ्या. ठराव झाला: पिंप नाही. वस्तीवर पाणी मागायचं, तिथंच प्यायचं.
घरी येईपर्यंत टाळ्या कानात सलत होत्या. २६ तारखेचं एक अक्षर कुणाला सांगितलं नाही. पन्नास जण माझ्या शब्दावर कोरड्या घशानं वर चढणार.

१६ फेब्रुवारी, रवि.
ठरवून गेले. हात बाजूला ठेवायचे, तांब्या धरायचा, बस.
बायजा नव्हती, शेळ्या घेऊन पलीकडच्या उतारावर. ओट्यावर तिचा दीर सुतळी वळत बसलेला. शर्यतीचं सांगितलं. म्हणाला, "वाट काय कोनाच्या बापाची नाय. धावा."
"आणि पाणी?"
सुतळीवरून नजर उचलली नाही. "पान्याचं घरातल्या बायकांनला इचारा. आमी त्यात नाय."
उठलाही नाही, हाकललंही नाही. टाकं दिसत होतं, त्यात आभाळाचा एक तुकडा. तशीच उतरले.
खाली भाताच्या शेतांत राब, पालापाचोळा, भाजत होते, सगळी दरी निळ्या धुरानं भरलेली. तहानेनं डोकं हलकं झालं की डोंगर किती मऊ दिसतो. झाडं पाण्याखाली उभी असल्यासारखी. मधे एकदा वाटलं, आई पुढे चाललीय, भारा घेऊन. हाक मारली नाही. मारली असती तर भारा खाली ठेवला असता तिनं, आणि परत डोक्यावर द्यायला कोण होतं तिथं.

२ मार्च, रवि.
बायजा भेटली. मला बघून आत गेली, तांब्या घेऊन आली. मी हात मांड्यांना चिकटवून उभी, शाळेतल्या कवायतीसारखी. आणि तिनं तांब्या सरळ वर उचलला, ओतायला!
दोघी तशाच. तिचा तांब्या वर, माझे हात खाली. पाणी कुठं पडणार!
"अगो, ओंजळ कर ना."
"हातात द्या."
तिनं माझ्याकडे टक लावून बघितलं. "मागल्या खेपेला हातातच देत हुते. तूच ओंजळ केलीस. मला वाटलं, हिला तसंच बरं वाटतंय."
मी म्हणाले, "चुकलं माझं. हात चुकले."
ती हसली. पण मग ओट्याकडे बघितलं. दीर आणि आणखी दोघं बाप्ये. तांब्या हळूच आमच्या मधल्या धोंड्यावर ठेवला. हलक्या आवाजात, "आज नको गो. तू एकली. एकलीला दिला तर सांजच्याला माज्यावर समदे तुटून पडतील. त्या दिवशी किती येनार?"
"पन्नासेक."
"मंग बग. रांग लागली म्हंजे कोन कोनाला बोलंल?" मग लगेच, "पन पन्नासांना एक तांब्या कसा पुरंल? तू मास्तरीन ना? हिसेब येत नाय?"
"नक्की द्याल ना?"
"ते मी आज कसं सांगू? त्या दिवशी माजे हात काय करतील, मला काय म्हाईत. तुजे तरी तुला कुटं म्हाईत हुते?"
धोंड्यावरचा तांब्या तसाच ठेवून निघाले. घेता आला असता. पण तो दिलेला नव्हता, ठेवलेला होता.

९ मार्च, रवि.
मंडळाला सांगून टाकलं. सगळं. उभी न राहता, बसूनच. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बोलण्याला टाळी नाही.
मग तुडीलचे राघोभाऊ, गिरणी सुटल्यापासून गावाला असतात, तेही धावणार आहेत, म्हणाले, "ताई, मी तर लालबागच्या नळावर पन ओंजळ करायचो. कोन वरून वतनार नसताना. लोक बोलायचे, भाई, ग्लास पकड ना!"
सगळे हसले. मग एक एक जण सांगायला लागला. कुणाची आजी, कुणाचं सासर, कुणाचा डोंगर. सुदाम खाली बघून म्हणाला, "म्हणून मी पिंप म्हणत होतो, ताई. मला भांडणाची भीती नव्हती. माझ्या हातांची होती."
आणि मी त्याच्यावर पत्रे हादरवले होते. माफी मागितली. तो म्हणाला, "राहू दे. भाषण मात्र जोरदार झालं होतं."
पिंप न्यायचं का, पुन्हा विचारलं. हात वर करायला सांगितले. पिंपासाठी एकही हात वर आला नाही.

१६ मार्च, रवि.
नदीकाठी तयारी. वाळवंटातून दोन फेऱ्या धाव, मग तांब्याची तालीम. धापा टाकत यायचं, समोरचा तांब्या पुढे करणार, तो हातात घ्यायचा, प्यायचं, मागच्याला द्यायचा. सोपं. पहिल्या फेरीत अर्ध्या जणांची ओंजळ झाली! राघोभाऊंची दोनदा. स्वतःच स्वतःच्या हातांवर चापट मारून घेत होते. "साला, सुनता नहीं है!" पलीकडे कपडे धुणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. एक ओरडली, "शर्यत पान्याची हाय का पायांची रे?"
पायांची तयारी झालीय. आता खिंडीपर्यंत भाषण लागत नाही, काहीच लागत नाही. पाय पडतात, वाट येते, श्वास आत जातो, बाहेर येतो. आज परत धावताना वाटलं, मी धावतच नाहीये, डोंगर माझ्याखालून हळूहळू मागे सरकतोय आणि पुढून तळं येतंय. त्याच्या पायऱ्यांवर आई बसलीय, ओले हात पदराला पुसत.

१९ मार्च
संध्याकाळ. गावात ट्रक यायला लागले. निळे झेंडे, बायाबापड्या, कडेवर पोरं, भाकऱ्यांची गाठोडी. तळ्याच्या काठी लाऊडस्पीकर तपासताहेत, हॅलो हॅलो. उद्या संध्याकाळी माझं भाषण पत्रिकेत छापलंय. काय बोलणार, माहीत नाही. ते उद्या दुपारी माथ्यावर ठरेल.
बायजाकडून निरोप नाही. कसा येणार? सुदाम काल पायवाट तपासायला वर जाऊन आला. म्हणाला, घरं बंद दिसली, कुत्रं भुंकलं, शेळ्या नव्हत्या. ओट्यावर मात्र तांबे, फुलपात्रं, एक कळशी पालथी घातलेली, घासलेली. ती आमच्यासाठी की वाळत घातलेली, कळलं नाही. पिंप नेलेलं नाही. ती आली नाही तर पन्नास माणसं नदी येईपर्यंत कोरडी.
य.नी बुटांच्या नाड्या बदलून दिल्या. "स्प्रिंगा बऱ्या झाल्यात," म्हणाले. "वर पोचलीस की माझी आठवण काढ. पाणी पिताना नको, नंतर."
उद्या सुरुवातीला मला दोन शब्द बोलायचे आहेत. लांब भाषण नको, दम वाचवायचाय. एवढंच म्हणेन:
माझ्या डोंगर चढणाऱ्या भगिनींनो आणि बांधवांनो, माथ्यावर कुणी तांब्या घेऊन समोर आलं, तर तुमचे हात जुळायला लागतील. आपल्या सगळ्यांचे लागतील. त्यांना जुळू देऊ नका. सरळ पुढे करा, तांब्या धरा, आणि प्यायल्यावर मागच्याच्या हातात द्या.