लाइटसाठी बसवलेला माणूस

३ जानेवारी, शुक्रवार

काम मिळालं! संग्रहालयाच्या व्हरांड्यात सात मोठ्या माणसांचे फोटो लागणार — कलेचे इतिहासकार, जुने संचालक. सातही मी काढायचे. मी!

आई नाचायचीच बाकी होती. अप्पा मात्र जेवताना म्हणाले, "तिथं ओळख दाखवू नको. शिपायाची पोरगी, वशिल्यानं घुसली म्हणतील." एकतीस वर्षं तिथंच शिपाई आहेत ते. याच महिनाअखेरीस रिटायर.

मी लगेच हो म्हटलं. जरा जास्तच लगेच.

७ जानेवारी, मंगळवार

पहिला फोटो. मोठी माणसं तासभर ताटकळत नाहीत, म्हणून आधी दुसऱ्या कुणाला तरी खुर्चीत बसवून लाइट लावायचा. क्युरेटर संजना मॅडमनी हाक मारली, "सहादू, बस रे जरा!" साठीच्या माणसाला 'रे'! आणि मी? मी म्हटलं, "सहादू, मान थोडी डावीकडे."

अप्पांनी केली. "बरंय का, मॅडम?"

नाशिक रोडला घरी दोघं वेगवेगळ्या बसनं आलो. आल्यावर अप्पा म्हणाले, "अंजे, चहा टाकू का गं?" रडूच आलं मला.

१५ जानेवारी, बुधवार

चौथा झाला. अप्पा आता न सांगता खुर्चीत बसतात. मीही न अडखळता 'सहादू' म्हणते.

२१ जानेवारी, मंगळवार

मेलेच आज! संजना मॅडम लॅपटॉपवर फोटो बघत होत्या. एकावर थांबल्या. "हे कोणते सर? काय चेहरा आहे! यांची वेळ मी कधी घेतली?"

अप्पा होते. थंडी होती म्हणून माझं काळं जॅकेट घातलेलं, निळा युनिफॉर्म झाकला गेलेला. अकरा वर्षं रोज ज्याच्या हातचं पाणी पिते ही बाई, त्याला ओळखलं नाही!

"लाइटची टेस्ट आहे ती. सहादू," मी म्हटलं.

"अय्या, आपला सहादू!" खो खो हसल्या. "डिलीट कर."

तेव्हाच सांगायचं होतं. नाही सांगितलं. फोटो मात्र डिलीट नाही केला.

२४ जानेवारी, शुक्रवार

सातव्या — भाग्यश्रीबाई. ऐंशीच्या पुढं. सगळं आयुष्य इकडच्या मूर्तींवर लिहिण्यात गेलं. अप्पा खुर्चीतून उठायला लागले तर त्यांनी हातच धरला. "कुठं चाललास? घोटीच्या भातशेतात ती दगडी देवी मला कुणी दाखवली? सगळे म्हणाले, धुण्याचा दगड आहे. तू म्हणालास, बाई, उलटा करून तर बघू!"

मग माझ्याकडे वळल्या. "पुस्तकात मी लिहिलं, 'एका स्थानिक मदतनिसाने'. विसरले नव्हते हं. वाटलं, शिपायाचं नाव काय टाकायचं! आता लाज वाटते."

"जाऊ द्या बाई," अप्पा म्हणाले.

त्या ऐंशीनंतर बोलल्या. मी कधी बोलणार होते?

"बाई, हे माझे अप्पा."

संजना मॅडमचा चहाचा कप हातातच राहिला. अप्पांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाई म्हणाल्या, "मग आठवा फोटो कुठाय?"

२७ जानेवारी, सोमवार

घरात अबोला. "आपलं काय ठरलं होतं?" — तीन दिवसांत अप्पांचं एवढं एकच वाक्य. चहासुद्धा आईच्या हाती पाठवतात.

संजना मॅडमचा फोन. आवाज उतरलेला. "तो फोटो ठेवलायस ना? आठवी फ्रेम करू. पाट्यांचा मजकूर तूच पाठव." पाठवला. अप्पांचं पूर्ण नाव, आणि घोटीची देवी त्यांनी शोधली हेही. करारावर मी नुसतंच अंजली पगारे लिहिलं होतं — मुद्दामच. आज सगळ्या पाट्यांवर घालायला लिहून दिलं : छायाचित्र — अंजली सहादू पगारे.

अप्पांना सांगितलेलं नाही. धडकी भरलीय.

३१ जानेवारी, शुक्रवार

व्हरांड्यात पाहुण्यांची गर्दी. अप्पा शेवटच्या दिवशीही युनिफॉर्ममध्ये, हातात फडकं. आठव्या फ्रेमपाशी थांबले. पाटी वाचली. परत वाचली. मग सगळ्यांदेखत, मोठ्यानं —

"अंजे, फ्रेम तिरपी लागलीय गं!"