मथुरा डॉक्टरणीचं बेसिन

३ नोव्हेंबर
आले एकदाची! वेळणेश्वरच्या अलीकडे, छोटंसं प्रसूतिगृह, आणि मी इथली नवी सिस्टर. समुद्रापासून लांब, घाटाखालच्या पोफळी गावच्या कॉलनीत वाढलेली मी. खारा वारा अंगाला चिकटतो म्हणून दिवसभर कुरकुरतेय, पण खूश आहे. इथल्या आया सगुणाबाई तोंडाने फटकळ, मनाने मऊ. त्यांनी बांगड्याचं कालवण वाढलं आणि माझ्या काडीपैलवान देहाची यथेच्छ टर उडवली. माझी धाकटी बहीण ईशा पहिल्या बाळंतपणाला इथेच येणार. माझ्या हाताखाली!

७ नोव्हेंबर
प्रसूतीच्या खोलीबाहेर एक जुनं बेसिन आहे. तिथे चुन्याचा वास येतो. आज हात धुऊन वळले, तर कुणीतरी मनगटं धरून हात पुन्हा पाण्याखाली नेले. मागे कुणीच नव्हतं. सगुणाबाई म्हणाल्या, ती मथुरा डॉक्टरीण. त्यांच्या आजीच्या काळात तिने हा दवाखाना काढला आणि सुईणींनी चुन्याच्या पाण्यात हात धुतलेच पाहिजेत, असा हट्ट धरला. आमचे हात काय विटाळलेत, म्हणून सुईणी भडकल्या. मोठे डॉक्टरही हसले. तिच्या स्वतःच्या बाळंतपणात कुणी हात धुतले नाहीत. तापाने गेली बिचारी. ऐकून मला रडूच आलं.

१२ नोव्हेंबर
ईशा आली. ती मथुराबाई बेसिनपाशी रोज मला धरते. ओली, थंड बोटं. हात लाल होईस्तोवर सोडत नाही. ईशाच्या आसपास हे नको, म्हणून मीच सगुणाबाईंच्या मागे लागले. त्यांनी बेसिनमध्ये नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं: "बाय माजे, तुजा मान घे, आन् या पोरींच्या वाटंतून बाजूला हो."
ठेवलेला नारळ हलवायचा नसतो, म्हणून बेसिन बंद. हात धुवायला मागची मोरी आहेच.

१५ नोव्हेंबर
चुन्याचा वास गेला. ईशाला मुलगा झाला! डॉक्टर पोचायच्या आतच. मोरीपर्यंत जायला वेळ कुठला – तसेच ग्लोव्ह्ज चढवले. एक फाटला.

१७ नोव्हेंबर
ईशाला ताप. हुडहुडी भरलीय. शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीला, राहीलाही. तिचं बाळंतपणही मीच –

१८ नोव्हेंबर
नारळ उचलून फेकला. नळ सोडला. मथुराबाई, या ना. धरा माझे हात. चुकले मी.
कुणी नाही. नुसतं पाणी.

१९ नोव्हेंबर
बाळाची पाचवी आज. रत्नागिरीला नेताना वाटेतच ईशा –
प्रसूतीच्या खोलीत नवी बाई आलीय. कळा सुरू. मला उठवत नाही.
या हातावर कुणाचा तरी हात. थंड नाही. तापाने पोळतोय. ओळखीचा. उठवतेय मला. बेसिनकडे –
म्हणते, ताई, आधी हात –