मायच्या पत्रिकेवरच्या चार ओळी

३ मे २०२५

आज प्रेसमध्ये सतरा पत्रिका. चौदा लग्नाच्या, तीन पुण्यस्मरणाच्या. मजकूर सगळा माझा. मेलेल्या माणसावर चार ओळी पाहिजेत तर अख्खं नवीन जालना म्हणतं, वसंताकडं जा.

पंधरा तारखेला मायला जाऊन वर्ष होतंय. तिचीही पत्रिका लावून टाकली — 'मायेचा सागर, कष्टाचा डोंगर' वगैरे. दोन मिनिटं लागली. बरी दिसली.

५ मे

मीनाला अंबडला नमुना पाठवला. सख्खी बहीण, पण वर्षभर कामापुरतं बोलते. शेवटच्या दिवशी तू कुठं होतास, एवढंच तिचं.

फोन आला. "दादा, ह्याच ओळी वडीगोद्रीत रखमाजीच्या बैलाच्या दहाव्याच्या बॅनरवर हायेत."

जुनी फाईल काढून बघितली. हायेत. मीच दिल्त्या. बैलाला जास्त शोभत होत्या.

६ मे

नवीन लिहायला बसलो. 'आई'ला काय काय जुळतं ते सगळं पाठ आहे. त्यात आमची माय कुठंच न्हाई. ती शिव्या द्यायची. भाकरी जाड करायची. सागर-बिगर काही नव्हती.

७ मे

काही सुचलं न्हाई.

८ मे

सुचतंय, पण लिहायचं टाळून राह्यलो. इथं तरी लिहितो.

त्या दिवशी गावाकडून मायचे तीन फोन आले. लग्नसराई, मशीन चालू, गिऱ्हाईक डोक्यावर. तीनदा कट केला. संध्याकाळी शेजारच्या गिरिजाबाईंचा आला, तो उचलला. तोवर माय गेल्ती.

हे कुणाला सांगितलं न्हाई. मीनाला तर बिलकुल न्हाई. लाज वाटते.

१० मे

छापली. दोनशे प्रती. फोटोखाली:

माय, तू तीनदा फोन केलास,
मी कामात होतो, कट केला.
काय सांगायचं होतं तुला,
ते आता कुणाला विचारू?

मालक राधेश्यामशेठ म्हणाले, "असं कुणी छापतं का? जल्दी बदल." मंग परत वाचली. मंग चष्मा पुसत बसले. न्हाई बदलली.

मीनाला पन्नास पाठवल्या. गठ्ठा दोनदा सोडला, परत बांधला. आता ती कामापुरतंही बोलायची न्हाई.

१२ मे

मीनाचा फोन. बराच वेळ नुसती रडत होती. मंग म्हणाली, "दादा, त्या दिवशी तिनं मलाबी केल्ता. मीबी कट केला."