सोड्याच्या गॅसचे बुडबुडे

सर, आज कारखान्यात नव्या टाकीत हवा सोडली आणि तुमची इतकी आठवण आली, की घरी येऊन चहाही न घेता लिहायला बसले. तीन मजली टाकी, आत औषध तयार करणारे जंतू, आणि बाजूच्या काचेतून दिसणारे, वर निघालेले बुडबुडे. वर पाण्याचा दाब कमी, म्हणून ते वर जाताना फुगतात. एवढं मला कॉलेजातही पाठ होतं. पाठ होतं, तिथंच घोळ झाला.

शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा दुसऱ्या दिवशी होती; तिथं बुडबुड्यांचा प्रयोग आणि त्याचं चित्र दाखवायचं होतं. नापास झालीस तर बाडबिस्तरा घेऊन सरळ गावी, पाचोडला ये, असं वडिलांनी बजावलेलं. आणि नेमका प्रयोगशाळेचा हवेचा पंप बंद पडला. तुम्ही मला शहागंजातल्या सोडावाल्याकडे पिटाळलंत; त्याच्या गॅसची टाकी मी रिक्षात घालून आणली. पुरुषभर उंचीच्या काचेच्या नळीत पाणी भरलं, खालून गॅस सोडला, तर बुडबुडे वर जाता जाता लहानच होत गेले. मी तुमच्या भिंगातून पाहते आहे, पुन्हा पाहते आहे, आणि रडू आवरत नाहीये. शेवटी डोळे पुसून पुस्तकातल्यासारखे, वर मोठे होत जाणारे बुडबुडे कागदावर काढायला घेतले.

"पुस्तकानं पाहिलाय व्हय तुझा बुडबुडा?" मागून केवढ्यानं ओरडलात! मग माझा चेहरा पाहून स्टूल ओढून बसलात. "अगं, सोडा पितीस ना? हा गॅस पाण्यात मुरतो. फुगायच्या आधीच मुरायलाय तो. दिसलं तेच काढ."

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी विचारलं, "चित्र उलटं कसं?" मी गॅसची तोटी उघडली. ते वाकून वाकून पाहत राहिले आणि तुम्ही दारात, माझ्याहून जास्त घामाघूम. पास झाले तेव्हा त्याच सोडावाल्याकडे नेऊन मला सोडा पाजलात आणि भिंग हातात ठेवलंत. फार जीव होता हो तुमचा माझ्यावर. मला तेव्हा नुसता धाकच कळायचा.

आज नव्या इंजिनिअरनं काचेतून न बघताच बुडबुड्यांचं माप लिहून टाकलं. मी खेकसले, "पुस्तकानं पाहिलाय व्हय तुझा बुडबुडा?" सगळे हसले. कारखान्यात हे मॅडमचं वाक्य म्हणून प्रसिद्ध आहे. ते तुमचं आहे, हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. सांगितलं, तर सर आता कुठं असतात, असं कुणीतरी विचारणारच, आणि ‘गेले’ म्हणायला माझी जीभ अजून रेटत नाही.