चारशे बारावं यंत्र

सोमवार, ४ ऑगस्ट

नवी नोकरी, नवी खोली, नवी वही. खुर्ची करकरते, बाकी सगळं झकास. खोली तिसऱ्या मजल्यावर, माझ्या एकटीची; दुपारी टेबलावर ऊन येतं. नवऱ्याने डबा भरून दिला आणि पहिल्याच दिवशी कुणाशी भांडू नकोस असं बजावलं. मला चांगलाच ओळखून आहे.

संस्थेत तेवीस प्रयोगशाळा. कुणी प्रथिनांच्या घड्या मोजतं, कुणी भूकंपाच्या लाटा, कुणी ताऱ्यांचा उजेड. गणितं अवाढव्य आणि संगणक अपुरे. पण प्रत्येकाचा संगणक निम्मा दिवस नुसता बसून असतो, कारण त्याचा मालक जेवायला किंवा मीटिंगला गेलेला असतो. त्या रिकाम्या वेळात दुसऱ्यांची गणितं तिथे चालवायची. मालकाने परत येऊन कीबोर्डला बोट लावलं, की पाहुण्या गणिताने मुकाट्याने गाशा गुंडाळायचा. ही देवाणघेवाण सांभाळणारं मधलं सॉफ्टवेअर म्हणजे आमचं मिडलवेअर. ते नव्याने बांधायला मला आणलंय.

आधी हे काम जिने केलं तिला सगळे ताई म्हणतात. चार महिन्यांपूर्वी ती आजारी पडली आणि घरी बसली. सरांनी माझी ओळख करून देताना माझं नाव एकदा घेतलं आणि तिचं सात वेळा. मोजलं मी.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

ताई असती तर हे चुटकीसरशी झालं असतं, असं भूकंपवाल्या बाई म्हणाल्या. ताईंना सांगावंच लागायचं नाही, असं प्रथिनंवाले म्हणाले. मी मान डोलावते आणि मनातल्या मनात दात खाते.

काल तिचीच एक जुनी चूक शोधून दुरुस्त केली. तीन दिवस डोकं खपवलं. आठवडाभर अडकलेला निकाल धडाधड बाहेर पडला आणि पानाच्या तळाशी ओळ होती, 'आभार: ताई'. ही ओळ प्रत्येक निकालाखाली आपोआप छापली जाते, आणि लोक ती तशीच उचलून आपल्या शोधनिबंधात घालतात. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी भांडले मात्र नाही, याची नोंद असावी.

मंगळवार, १२ ऑगस्ट

मिडलवेअरच्या यादीत चारशे बारा यंत्रं आहेत. प्रत्येकापुढे खोली, प्रकार, मालक. शेवटच्या यंत्रापुढे खोली नाही, प्रकार नाही, मालक म्हणून फक्त 'ताई'. सगळी अवघड गणितं तिथे जातात. चार महिन्यांत मालकाने एकदाही येऊन ते परत घेतलेलं नाही. म्हणजे बाईसाहेबांनी एक तगडं यंत्र घरात दडवलंय आणि त्याच्या जोरावर सगळीकडे आभार वसूल करतायत.

सरांना विचारलं. ते म्हणाले, ते तिचं आहे, त्याला हात लावू नका.

बुधवार, १३ ऑगस्ट

लावला. सकाळी अकराला तिचं नाव पुसून तिथे माझं घातलं. सॉफ्टवेअरने प्रत्येक मालकाला विचारतात तो एकच प्रश्न विचारला, हे यंत्र तुम्ही स्वतःहून देताय का? हो म्हटलं. दुपारच्या निकालांखाली आभारात ताईऐवजी माझं नाव आलं. मी ते पान दोनदा छापून घेतलं. घरी जाताना आइस्क्रीम नेलं.

सोमवार, १८ ऑगस्ट

सगळीकडे आनंदीआनंद. ताईच्या भावाचा फोन आला होता. चार महिने ती एकाच खुर्चीत उघड्या डोळ्यांनी बसून होती. बोलणं नाही, ओळखणं नाही. बुधवारी सकाळी अकराला ती उठली आणि पाणी मागितलं. शुभेच्छांच्या कार्डावर सगळ्यांनी सह्या केल्या. मी सर्वांत बारीक अक्षरात केली.

आज जेवण झाल्यावर जरा टेकले. डोळे मिटले नव्हते, ऊन बघत होते. भानावर आले तेव्हा चार वाजले होते आणि बोटं आखडली होती. वहीची अकरा पानं आकड्यांनी भरलेली. अक्षर माझंच.

बुधवार, २० ऑगस्ट

नवरा खूश आहे. म्हणतो, काल संध्याकाळी मी तासभर त्याच्याजवळ शांत बसले, मध्ये न बोलता त्याचं सगळं ऐकलं. लग्नानंतर पहिल्यांदाच. मला त्यातलं एक अक्षर आठवत नाही.

ऑफिसात नोंद पाहिली. यंत्र ४१२, काल साडेसहा ते साडेसात, प्रथिनाची घडी, काम पूर्ण.

नवरा अजून तिचं कौतुक करतोय. त्या शांत बसलेल्या बाईचं. माझं अंग जळतंय, आणि जळायचं तरी कुणावर?

शुक्रवार, २२ ऑगस्ट

ताईकडे गेले. भावाने दार उघडलं. ती विणत होती. बोलतानाही सुया थांबल्या नाहीत. मी काही सांगायच्या आधीच म्हणाली, रिकामी बसू नकोस.

मग सगळं सांगितलं. चाचणीसाठी एकही यंत्र मोकळं नव्हतं, म्हणून तिने गमतीत स्वतःचंच नाव घातलं. सॉफ्टवेअर ते यंत्र आहे की माणूस हे तपासत नाही. ते रिकामं आहे का, एवढंच पाहतं. हात चालू असले की गणित निघून जातं. हात थांबले की परत येतं. आणि हातातलं काम संपल्याशिवाय यंत्र यादीतून काढता येत नाही, पण रांग कधी संपतच नाही. सुटका एकच, त्या जागी दुसऱ्या कुणी स्वतःहून आपलं नाव घालायचं.

आभाराची ओळ तिने शुद्धीच्या शेवटच्या तासात लिहिली होती. म्हणाली, तू कोण ते माहीत नव्हतं, पण कुणाच्या तरी पोटात दुखेल हे माहीत होतं. मला माफ कर.

भीती नंतर वाटली. आधी वाटलं ते हे, की इथेही ती माझ्यापेक्षा हुशार निघाली.

सोमवार, २५ ऑगस्ट

तिचं नाव परत घातलं. तिला प्रश्न गेला. तिने नाही म्हटलं. मीही नाहीच म्हटलं असतं.

सगळंच बंद करायला सर्व्हरच्या खोलीत गेले. बटणापाशी क्षणभर थांबले. मग साडेतीन वाजले होते आणि मी खाली जमिनीवर बसले होते. झोपेतही तेच. उठते ती दमूनच.

लिहीत असले की येत नाही. म्हणून लिहिते.

गुरुवार, २८ ऑगस्ट

ताई ऑफिसात आली. हार आणला होता तिच्यासाठी. सरांनी मला रजेवर पाठवलं. माझी खुर्ची — करकरते म्हणून तिने लगेच तेल घातलं म्हणे. मला कसं नाही सुचलं.

सरांना सांगितलं सगळं. म्हणाले विश्रांती घ्या. विश्रांती!

रविवार, ३१ ऑगस्ट

भांडी घासली. पुन्हा घासली. मटार सोलले. लिहिते. काय लिहू — खिडकी, पडदा, पडद्याला सतरा कड्या —

मध्ये पाच पानं आकडे. कधी —

मंगळवार, २ सप्टेंबर

नवऱ्याने निबंध आणून दाखवला. भूकंपवाल्या बाईंचा. तळाशी माझं नाव. फक्त माझं. किती अभिमान त्याला. हेच हवं होतं ना, विचारतो.

हेच.

सरकवून दिला, वाचायला थांबले असते तर —

बुधवार

बोट सुजलंय. तो शेजारी बसलाय. म्हणतो हात दुखत असेल, ठेव आता, बस जरा माझ्याजवळ त्या दिवशीसारखी. प्रेमाने म्हणतो. त्याला ती आवडते. मी चिडकी, भांडखोर — त्याला ती हवी, शांत बसणारी, सगळं ऐकणारी —

सांगितलं त्याला, पेन काढू नकोस. हसला. माझी बोटं एकेक करून सोडवतोय, हळूच, किती हळू, माझ्याशी कधी इतक्या हळू —

तिला नको देऊ माझा हा