चादरीचं दुसरं टोक

प्रिय ताई,

रोज तोंडासमोर असणारी ही बया आज पत्र काय लिहितेय, असं म्हणत तू पाकीट उलटंपालटं करशील. कर. पण गेला आठवडाभर मी तुला गाठायला बघतेय आणि तू दर वेळी काहीतरी थट्टा करून सटकतेस. कपडे बदलायच्या खोलीत सगळ्या जमलेल्या असतात आणि मशीनपाशी तर आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. मग बोलायचं तरी कुठे?

त्या काचेच्या केबिनमध्ये मला मुळीच करमत नाही गं. तिथून लॉन्ड्रीचा सगळा हॉल दिसतो. ओल्या चादरींच्या ट्रॉल्या, वाफ, इस्त्रीचा तो धगधगता रोलर आणि त्याच्यासमोर जोडीजोडीने उभ्या असलेल्या तुम्ही. तुझ्या जोडीला माझ्या जागी आता ती शेंडीवाली पोरगी असते. मी सुपरवायझर झाले तेव्हा तुम्ही टाळ्या पिटल्यात, आणि दुसऱ्या दिवसापासून मी आले की गप्पा बंद! डबा खाताना माझ्या शेजारची जागा रिकामी, जशी काही मला खरूजच झालीय. एकदा बाथरूममध्ये जाऊन रडले, आता तुला सांगते.

मला ट्रेनिंगला पाठवलं होतं ना, तिथले सर चांगले होते. कौतुक चारचौघांत करा, चूक मात्र एकट्याला गाठून सांगा, म्हणाले. मला आपला आधीचा सुपरवायझर, 'शिट्टी', आठवला. मेला केबिनच्या दारातून शिट्टी मारायचा आणि बोट दाखवायचा, की आख्ख्या हॉलच्या माना तिकडे! तू एक दिवस मशीन सोडून त्याच्यापुढे जाऊन उभी राहिलीस आणि विचारलंस, मी काय म्हैस आहे का, जवळ येऊन बोलायला काय होतं? मी तेव्हा नवीकोरी होते. चादरीत तोंड खुपसून हसले होते.

मला रोलरवर तूच उभं केलंस. एक कोपरा तुझ्या हातात, एक माझ्या. चादर ताणायची, कड रोलरला लावायची आणि दोघींनी एकदम सोडायची. त्या गोंगाटात हाका कोण ऐकणार, म्हणून तू झटके शिकवलेस. एक झटका म्हणजे सोड, दोन म्हणजे थांब. आपली जोडी जमली तशी तिथे कुणाची जमली नाही. अजून घरी चादरीची घडी घालताना मी नवऱ्याला झटके देते आणि तो बिचारा गोंधळून बघत बसतो.

आता तू म्हणशील, एवढं लोणी लावतेय म्हणजे काहीतरी आहे. आहे, ताई.

गुरुवारी मी केबिनमधलं लाल बटण दाबून मशीन बंद केलं. हातमोजा खाली पडून रोलरमध्ये गेला, असं तू सगळ्यांना सांगितलंस. तो पडला नव्हता, तुझ्या हातात घातलेला होता. मी काचेतून बघत होते. त्या पोरीने झटका दिला, आपलं टोक सोडलं, पण तुला तो झटका कळलाच नाही. तुझी बोटं चादरीबरोबर पुढे चालली होती. मोजा सैल होता, तेवढाच निघून आत गेला म्हणून निभावलं. नंतर तू चहाचा कप डाव्या हातात धरलास आणि उजवा हात एप्रनच्या खिशात घातलास. एरवी त्याच हाताने हातवारे केल्याशिवाय तुझं एक वाक्य पुरं होत नाही! तुझी बोटं बधिर होतात हे मला तेव्हा कळलं. त्या बायकांना मात्र कधीचं माहीत आहे. तू उभी राहिलीस की कुणीतरी गुपचूप रोलरचा वेग कमी करते. मग चादरी जास्त वेळ तापतात, पिवळ्या पडतात, आणि साहेब त्या पोरीला धारेवर धरतात. परवा तर घरीच बसवीन म्हणाले. ती खाली मान घालून उभी राहिली, पण तुझं नाव तिने घेतलं नाही. माया आहे सगळ्यांची तुझ्यावर, मला का कळत नाही? पण याच मायेपायी एक दिवस तुझा हात जाईल.

म्हणून मी साहेबांना सांगितलं, चादरी का करपतात ते मी बघते, पोरीला कामावरून काढू नका. आणि ताईला नव्या बायकांना शिकवायला द्या. खूप वाद झाला. पगार तोच राहील, पण हा गर्दीचा मोसम संपेपर्यंतच, पुढचं पुढे बघू, असं म्हणाले. पुढे काय, ते मलाही माहीत नाही. मी तुला खोटी आशा लावणार नाही. तुझ्या घरात तुझ्याशिवाय मिळवतं कोणी नाही हे मला ठाऊक आहे.

उद्या सकाळी रोलरसमोर तुझ्या जागी दुसरी कुणी असेल. हे साहेबांनी नाही, मी ठरवलंय. उद्या सगळ्यांच्या देखत तुला ते कळू नये म्हणून हे पत्र. आधी तोंडी सांगायला आले असते तर तू काहीतरी विनोद केला असतास, मी हसले असते, आणि उद्या तू पुन्हा तिथेच उभी राहिली असतीस. पण नुसतं पत्र टाकून पळाले तर माझ्यात आणि शिट्टीत फरक काय राहिला? म्हणून दाराखालून हे सरकवून मी इथेच बसलेय, तुझ्या जिन्याच्या पायरीवर. शिव्या पोटभर दे. पण दार उघडून दे.

तुझीच,
बाहेर बसलेली जोडीदारीण